दोनशे लिटरचा हट्ट

८ नोव्हेंबर

माझ्या गाडीचा मागचा बंपर आज केळीच्या बुंध्याला टेकवून ठेवलेला सापडला. मला न विचारता काढला! शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली माझी छोटी गाडी, आणि नवरा, ऑगस्टीन, पापडीहून कॉन्रॅडला बोलावून तिच्या बुडाखाली लोखंडी हुक बसवून घेतोय. कॉन्रॅड म्हणजे ऑगस्टीनचा मावसभाऊ, गॅरेजवाला. "नुसतं बघत होतो, वहिनी," म्हणाला. बघायला बंपर काढावा लागतो होय?

हुक कशाला – तर ट्रेलर ओढायला. चाकांवरचं घर. आत दोघांना निजायला जागा, शेगडी, मोरी, संडास. असा ट्रेलर ऑगस्टीनने पाचूबंदरला आग्नेलकडे करायला टाकलाय आणि तो जवळजवळ झालासुद्धा, हे मला आज बंपरच्या निमित्ताने कळलं. सप्टेंबरपासून "मासळी बघून येतो" म्हणून पाचूबंदरला जायचा आणि रिकाम्या पिशवीने परत यायचा, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आग्नेल होड्या बांधतो. फायबरच्या. चाक लावलेली वस्तू त्याने जन्मात केलेली नाही.

९ नोव्हेंबर

बंपर परत बसवला. हुक तसाच ठेवलाय. "असू दे, तो काय खायला मागतोय?" – इति ऑगस्टीन.

११ नोव्हेंबर

जेवताना विचारलं, एवढं बिऱ्हाड घेऊन जायचंय कुठे?

"फिरायला."

"कुठे?"

"बघू."

इतक्या वर्षांच्या संसारात, गुडघ्याचं ऑपरेशन वगळलं तर, हा माणूस वाडी सोडून एक रात्र बाहेर राहिलेला नाही. लग्नानंतर माथेरानला गेलो तर संध्याकाळी परत, कारण मोगऱ्याला पाणी कोण लावणार. आणि आता म्हणे फिरायचंय. म्हटलं, मग हॉटेलं काय ओस पडलीत? तर म्हणाला, "दुसऱ्याच्या छपराखाली मला झोप येत नाही."

छप्पर म्हणाला आणि मी हातातला घास ताटात ठेवला. सात वर्षांपूर्वी आमच्याच पायरीवर उभा राहून हाच शब्द बोलला होता. आमच्या लेकीने, प्रीतलने, रजिस्टर लग्न केलं, कौस्तुभशी. चिपळूणच्या कॉलेजात शिकवतो, मुलगा चांगला. पण चर्चमध्ये लग्न नाही, फादरांना पत्ता नाही, आम्हालाही नाही. दोघं पेढे घेऊन भेटायला आली. ऑगस्टीनने त्यांना अंगणातच थांबवलं. भावकी जमलेली. सगळ्यांदेखत म्हणाला – तुझ्या घरचं पाणी पिणार नाही, तुझ्या छपराखाली निजणार नाही. घरच्या बोलीत म्हणाला. शाळेच्या मराठीत लिहिलं की निम्मी धार जाते. लेक पायरी न चढता परत गेली.

तेव्हापासून मी विहिरीपाशी जाऊन तिच्याशी फोनवर बोलते. आर्या झाली तेव्हा एकटी एसटीने जाऊन आले. पुढच्या खेपेला निघाले तर प्रीतलच म्हणाली, "मम्मी, एकटी नको येऊस गं. तू आलीस की मी दिवसभर फाटकाकडेच बघत बसते, डॅडी मागून येतायत का म्हणून." नात आता पाच वर्षांची झाली. तिला आजोबा फक्त फोटोत ठाऊक.

माझं एवढंच मागणं आहे, एकदा ह्याला घेऊन त्या फाटकातून आत जायचं. बाकी काही नको. आणि हा निघाला जग बघायला!

१६ नोव्हेंबर

आग्नेलकडे जाऊन ते धूड पाहून आले. बोंबील सुकत घातलेल्या बांबूंच्या मागे उभं होतं. पांढरं, पोट फुगलेलं, खालून निमुळतं. चाकं काढली तर सरळ होडीच.

"हात लावून बघा वैनी. दर्यात घातला तरी काय नाय होनार."

"आम्हाला दर्यात घालायचा नाहीये, आग्नेल."

"तरी पन."

होडीच्या तळाला जेवढे थर देतात तेवढेच भिंतींना दिलेत. छपरालाही दिलेत. ह्याच्यावर नारळाचं झाड पडलं तर झाडच मोडेल. मागच्या बाजूला बिछान्याखाली पाण्याची टाकी. दोनशे लिटर! मी म्हटलं, दोन माणसांना दोनशे लिटर? आग्नेल म्हणाला, "बोट आठ-आठ दिवस भायेर राते, पानी तर लागतंच." म्हटलं, रस्त्यावर दर पावलाला बाटल्या मिळतात. तर ऑगस्टीन एकदम ताडकन – "टाकी तेवढीच राहील." आणि पुढे दहा मिनिटं तोंड फिरवून समुद्राकडे.

टाकीच्या तळाला पितळेचं बूच आहे, धुताना पाणी सोडून द्यायला. आग्नेलने ते माझ्यासमोर पान्याने आवळून दाखवलं. "ह्ये आपोआप नाय निघायचं. बोटीला लावतो तेच हाय. मानसानं पाना लावून फिरवलं तरच निघंल." त्याला वाटलं मला कौतुक वाटेल.

मग ट्रेलर माझ्या गाडीला जोडला. गाडीचं बूड खाली, नाक आभाळात. चालवायची कुणी – तर मीच. ऑगस्टीनचा डावा गुडघा बदललाय, क्लच दाबायला डॉक्टरांनी मनाई केलीय. जन्मभर भाजीचा टेम्पो दादरला हाकला, आता शेजारी बसून मला हाकतो. "दाब. सोड. सोड म्हटलं ना, दाब कशाला?" रस्त्याला लागेपर्यंत क्लचचा जळका वास यायला लागला. कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत उभ्या होत्या. एकीने विचारलं, "बाय, उलट्या दिशेला लावून बघितलं का?"

२१ नोव्हेंबर

कॉन्रॅडने ट्रेलर टेम्पोला बांधून वजनकाट्यावर नेला. टाकी रिकामी असताना हजार किलो. भरली की बाराशे. कारखान्यात करतात ते ह्याच्या निम्म्यात बसतात म्हणे. माझी गाडी स्वतःच आठशे किलोची. शेळीच्या दाव्याला म्हैस बांधायची होती ह्यांना.

म्हणजे आता दुसरी गाडी घ्यायची. ट्रेलर आहे म्हणून गाडी. आमच्या घरात सगळं असंच. आधी झबली शिवायची, मग नवरी शोधायला निघायचं.

२३ नोव्हेंबर

कॉन्रॅडला घेऊन वसई पूर्वेच्या शोरूममध्ये. दारातच थंडगार वारा आणि कॉफी. क्षितिजा नावाची मुलगी आली, प्रीतलच्याच वयाची. फार गोड बोलली.

"मॅम, ह्याला सनरूफ आहे."

"मागे बाराशे किलो ओढेल का?"

"मॅम, डिकी खूप मोठी आहे."

"डिकीत नाही गं. मागे. बांधून."

तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर हसून म्हणाला, "सर, ओढायची वेळ येणारच नाही. गाडी बंद पडली तर आम्हीच येऊन ओढून नेतो."

ऑगस्टीन एका बिनक्लचच्या गाडीत जाऊन बसला होता. स्टिअरिंगवर दोन्ही हात, डोळे समोर. कितीतरी वेळ उतरेना. स्वतः चालवता येईल म्हणून हरखला होता, मला कळत होतं. पण कॉन्रॅडने बाहेर आल्यावर सांगितलं, हिची ताकद पुढच्या चाकांना. मागे वजन लटकलं की पुढची चाकं हलकी होतात, घाटात नुसती गरगर फिरतील. आपल्याला हवी मागच्या चाकांनी ढकलणारी, खालून अख्खा लोखंडी सांगाडा असलेली डिझेल गाडी. म्हणजे दिसायला राकट, चढायला उंच, आणि क्लचवाली. म्हणजे पुन्हा मीच.

२९ नोव्हेंबर

एक पाहिली. एसी छान, ताकद नाही. दुसरी पाहिली. ताकद छान, ब्रेक नाहीत. ऑगस्टीन म्हणे, ब्रेक लावून घेऊ. काही माणसांनाही लावून घेता आले असते तर.

४ डिसेंबर

गाडी मिळाली. देवा, काय ती गाडी!

अर्नाळ्याच्या क्लाराची. क्लारा मासळीचा व्यापार करते. तिची जुनी डिझेल जीप, मागे हुक आधीपासूनच आहे. "हिच्यावर मी बोटीची इंजिनं ओढून आनली," म्हणाली. कॉन्रॅड गाडीखाली शिरला आणि हसत बाहेर आला. ऑगस्टीनने बॉनेटवर थाप मारली. सगळ्यांना पसंत. मी दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरले.

बोंबील. वर्षानुवर्षांचे बोंबील. सीटमध्ये, छताच्या कापडात, पट्ट्यांमध्ये.

क्लारा प्रामाणिक बाई. म्हणाली, "वास जाल असं नाय सांगत, बाय. खोटं कशाला बोलू? चिंच लाव, लिंबू लाव, फादरांकडून पानी शिंपडून घे. ह्यो तुज्यासंगंच रानार."

मला वाटलं आता तरी ऑगस्टीन नको म्हणेल. तो आत बसून लांब श्वास घेत म्हणाला, "कुठे येतोय वास?"

९ डिसेंबर

चिंच लावली. लिंबू लावलं. बेकिंग पावडर टाकली. आता बोंबलाच्या चटणीचा वास येतो.

१५ डिसेंबर

ट्रेलर घरी आणायला गेलो. नंबराची पाटी लागली. ट्रेलरलाही वेगळा नंबर काढावा लागतो. एजंटने विचारलं होतं, "आत काय वाहून नेणार?" ऑगस्टीन म्हणाला होता, "बायको." त्या विनोदावर तो अजून खूश आहे.

तिथे गेल्यावर आग्नेल ट्रेलर देईना. का, तर नावाशिवाय त्याच्या दारातून काही बाहेर पडत नाही. बिननावाची बोट पाण्यात घालत नाहीत, अपशकुन. म्हटलं, ही बोट नाही. "माज्या हातनं झाली म्हंजे बोटच." ऑगस्टीनने नाव सांगून ठेवलंच होतं. कापड ओढलं – समोर, निळ्या-तांबड्या रंगात, हातभर अक्षरांत – फ्लोरा. माझंच नाव!

सगळं पाचूबंदर टाळ्या वाजवतंय. मला लाजावं की मारावं कळेना. कळतंय ना काय झालं? रस्त्याने मीच मला ओढत नेणार. मागून येणारा प्रत्येक ट्रकवाला वाचणार नाही, एवढं एक बरं, नाव पुढच्या बाजूला आहे.

मग फुलांच्या माळा घातल्या, दोर बांधला आणि होडी पाण्यात लोटतात तसं ओरडत ओरडत वीस जणांनी ते धूड रस्त्यापर्यंत ओढलं. जीप तिथेच उभी होती. कुणालाच तिची आठवण झाली नाही.

१८ डिसेंबर

मागे घेणं शिकतेय. उजवीकडे न्यायचा असेल तर चाक डावीकडे फिरवायचं. डावीकडे न्यायचा तर उजवीकडे. आयुष्यभर मुलांना सरळ विचार करायला शिकवलं, आता ह्या वयात उलटा शिकायचा.

आमची गिरीजची गल्ली म्हणजे दोन वाड्यांच्या कुंपणांमधला बोळ. ऑगस्टीन मागे उभा राहून हात करतो. कुठला हात कुठल्या बाजूला, त्याचं त्यालाच ठाऊक. "ये, ये, ये, ये –" आणि मग धाड. मग म्हणतो, "थांब."

शेजारच्या आल्बर्टच्या दोन पपया गेल्या. बिचाऱ्या आल्बर्टने भांडायच्या ऐवजी पडलेल्या पपयांची भाजी करून आणून दिली. ते जास्त लागलं.

२२ डिसेंबर

आज पहिल्यांदा न घासता आत घेतला. एकटीने. ऑगस्टीन चर्चमध्ये मिस्साला गेला होता, म्हणून जमलं.

२४ डिसेंबर

बाळ येशूचा गोठा केला, करंज्या केल्या. प्रीतलला विहिरीपाशी जाऊन फोन केला. आर्याने गाणं म्हटलं, अर्धं आमचं नाताळचं, अर्धं शाळेतलं प्रार्थनेचं, एकात एक. हसता हसता डोळे भरले. मागे वळले तर ऑगस्टीन बादली घेऊन उभा. रिकामी बादली, आणि पंप चालू असताना. विहिरीवर कशाला आला होता? तशीच रिकामी घेऊन परत गेला.

२८ डिसेंबर

आज मेले असते.

टाकी भरून पहिली मोठी फेरी. महामार्गाने चिंचोटीपर्यंत जाऊन यायचं. सुरुवातीला बरं होतं. जीप गुरगुरत पण ओढत होती. थोडा वेग घेतला आणि मागून कुणीतरी गाडीला धरून हलवल्यासारखं झालं. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. आरशात ट्रेलर एकदा ह्या बाजूने दिसायचा, एकदा त्या. शेपूट कुत्र्याला हलवत होतं. ऑगस्टीन ओरडतोय "ब्रेक!" आणि कॉन्रॅडने बजावलेलं, ब्रेक अजिबात मारू नका वहिनी, नुसता पाय उचला. मी नवऱ्याचं ऐकलं नाही. पाय उचलला, चाक घट्ट धरलं. हळूहळू शांत झाला. कडेला घेऊन उभी केली आणि किल्ली काढून घेतली. ऑगस्टीनचा चेहरा पांढरा. म्हणाला, "चांगलं चालवलंस." हे मी तारखेसकट लिहून ठेवतेय.

कॉन्रॅडने येऊन टाकीवर हात ठेवला आणि कपाळाला लावला. आग्नेलने टाकी पार मागे ठेवलीय. होडीचं नाक लाटेवर उचललेलं राहावं म्हणून जड सामान मागे ठेवतात, तसंच. पण ट्रेलरचं वजन पुढे हवं, हुकावर टेकलेलं. मागे जड झाला की तो झुलतोच.

आग्नेलला फोन केला. म्हणाला, "रस्त्याला लाटा नसतात व्हय? मंग आदी सांगायचं ना."

५ जानेवारी

टाकी पुढे आणली. बिछाना मागे गेला, शेगडी मधे आली. पुन्हा फेरी मारली, सरळ चालतो.

कॉन्रॅडने आज हात जोडून सांगितलं, "दादा, टाकी तरी अर्धी भर. घाट असेल वाटेत तर शंभर किलो कमी म्हणजे खूप." ऑगस्टीनने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोनशे." मी म्हटलं, अरे पण का? वाटेत काय वाळवंट लागणार आहे? गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना बसायचा तसा बसला, ओठ मिटून. मी रागाने ताट आपटलं. त्या टाकीपायी माझी गाडी विकावी लागली, ती बोंबलाची जीप आली, महामार्गावर जीव जायची वेळ आली. आणि हा मला एक कारण सांगत नाही!

१२ जानेवारी

आज घडलं ते नीट लिहिते.

सकाळी आम्ही दोघं वालाच्या शेंगा तोडत होतो. ऑगस्टीन पुढच्या ओळीत, माझ्याकडे पाठ. तसाच पाठमोरा म्हणाला –

"तिचं अंगण सपाट आहे का?"

"कुणाचं?"

"प्रीतलचं. उतार असला तर चाकांखाली ठोकळे लागतील. आग्नेलला करायला सांगायला हवं."

मी पाटी खाली ठेवली. सात वर्षांत त्याच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही ठोकळ्यांसाठी.

मग सगळंच उलगडलं. स्वतःचं छप्पर. स्वतःची शेगडी. आणि दोनशे लिटर पाणी, तिच्या घरचा थेंब घशाखाली जाऊ नये म्हणून! मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी इतका संताप, की मी शेंगांची मूठच त्याच्या पाठीवर मारली. म्हटलं, शपथ मोडायला नाही चाललास तू. शपथ घेऊन मुक्कामाला चाललायस, आणि ती ओढायची मी! साधं सांगता येत नाही का, चुकलं म्हणून?

तो वळला. म्हणाला, "सगळ्यांसमोर बोललोय फ्लोरा. आता ते कुठे नेऊन टाकू?"

मी सांडलेल्या शेंगा वेचल्या. त्यानेही वेचल्या.

१३ जानेवारी

प्रीतलला सांगितलं. तिने दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाली, "येऊ दे मम्मी. पाणी घेऊन येऊ दे, नाहीतर अख्खी विहीर घेऊन येऊ दे." मग रडली. मग म्हणाली, अंगण थोडं उतरतं आहे, कौस्तुभ मोजून सांगेल.

२६ जानेवारी

वाडीला पाणी आल्बर्ट लावणार. पपयांमुळे मी त्याच्यापुढे मानही वर करू शकत नाही. ऑगस्टीन त्याला चौथ्यांदा समजावून आला, कुठल्या पाटाला किती वेळ. कॉन्रॅडने वाटेत लागेल म्हणून आपला पाना दिला. निघायच्या आधी पाइप लावून टाकी काठोकाठ भरली. आपल्या विहिरीचं पाणी. स्वतः चाखून बघितलं.

२७ जानेवारी

घोडबंदरला दोन तास. नुसते उभे. उन्हाने जीप तापली आणि सीटमधले बोंबील जागे झाले.

पनवेलच्या पुढे चहाला थांबलो तर दोघं जण विचारून गेले, आत लस टोचतात का? तिसऱ्याला वाटलं फिरता संडास, दाराशी जाऊन उभाच राहिला. दिवसभर ऑगस्टीनचं चालू – "आरसा बघ. ट्रकला जाऊ दे. जाऊ कशाला दिलंस?" पेणच्या पुढे मी गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, आता एक शब्द बोललास तर तुला मागे ट्रेलरमध्ये बसवीन. तो म्हणाला, "चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नसतो." हेही त्याला ठाऊक!

संध्याकाळी माणगावच्या अलीकडे एका पंपाच्या आवारात मुक्काम. त्याने टाकीतल्या पाण्याचा चहा केला. चांगला झाला होता. सांगितलं नाही.

२८ जानेवारी

पोचलो.

परशुराम घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर, पाय ब्रेकवर टेकवत आणि उचलत, कॉन्रॅडने शिकवलं तसं. मागून बाराशे किलो ढकलतंय हे कमरेला कळत होतं. ऑगस्टीन दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून बसला होता. वाटलं घाबरलाय घाटाला. खाली चिपळूण दिसायला लागलं तरी हात सोडेना, तेव्हा कळलं, घाटाला नाही.

गुहागरच्या रस्त्यावर फाटकापाशी प्रीतल उभी. कौस्तुभ मागे. आर्या फाटकावर चढलेली. आणि फाटक असं, की ट्रेलर उलटाच आत घ्यावा लागणार! देवाचं नाव घेतलं आणि चाक उलटं फिरवलं. एका दमात गेला. मागे कुणी "ये, ये" करायला नव्हतं, कारण ऑगस्टीन सीटवरून उठलाच नव्हता.

आर्या ट्रेलरवरचं अक्षर अक्षर लावत वाचत होती. "फ्-लो-रा. आजी, हे तुझं नाव? मग आजोबांचं नाव कुठाय?" प्रीतल पुढे आली. "डॅडी, या." तो उतरला, तिच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि चाकांखाली ठोकळे सरकवायला वाकला. वाकलेला बराच वेळ तसाच. ठोकळे चारच होते.

३० जानेवारी

ओटा आणि ट्रेलरचं दार यांत आर्याच्या दहा उड्या. एवढ्या अंतरात मी दिवसभर पळतेय. इकडे जेवते, तिकडे ह्याचा भात लावते. बोलतात सगळे. पाऊस किती झाला, आंब्याला मोहोर कसा आहे. कौस्तुभने कलमांना पाणी किती द्यायचं विचारलं तर तासभर शिकवत होता. पण ओट्याची पायरी चढला नाही.

प्रीतल रोज सकाळी ओट्यावर तांब्या भरून, वर पेला पालथा घालून ठेवते. तो बघून न बघितल्यासारखं करतो. संध्याकाळी ती ते पाणी जास्वंदीला ओतते. रक्त एकच, दुसरं काय! दोघांना एकेक फटका द्यावासा वाटतो. ह्यासाठी का मी एवढं शिकले, ओढलं, जिवावर बेतून घेतलं? फाटकातून आत आणला, पण आत आला कुठे?

३१ जानेवारी

आर्या दुपारी ट्रेलरच्या पायरीवर आजोबांच्या मांडीला टेकून बसली होती. त्यांच्याकडून पेलाभर पाणी मागून घेतलं आणि गटागटा प्यायली. मग तोंड पुसत विचारलं, "आजोबा, तुम्ही आमचं पाणी का पीत नाही? घाण असतं का?"

ऑगस्टीन म्हणाला, "नाही बाळ. माझं पोट बिघडतं."

"माझं नाही बिघडलं तुमच्या पाण्याने."

ओट्यावर प्रीतल तांदूळ निवडत होती. हात थांबले, मग पुन्हा सुरू झाले. ऑगस्टीन नंतर कितीतरी वेळ तो रिकामा पेला हातात फिरवत बसला. रात्री जेवला नाही. मला इतकी चीड आली की मीही विचारलं नाही.

१ फेब्रुवारी

सकाळी ऑगस्टीनच्या आरडाओरड्याने जाग आली. टाकी रिकामी! सगळं पाणी वाहून जास्वंदीच्या मुळाशी गेलं. आग्नेलच्या सात पिढ्या उद्धरल्या – बोटी बांधतो म्हणे, एक बूच धड बसवता येत नाही. मग ओट्याची पायरी चढला आणि खाली बघत म्हणाला, "प्रीतल, पाणी दे गं घोटभर." तांब्या भरलेलाच होता. उभ्यानेच प्यायला. मग दुसरा मागितला.

दुपारी त्याची विजार धुवायला घेतली. खिशात पितळेचं बूच आणि कॉन्रॅडचा पाना.

न धुताच परत खुंटीला अडकवली.